शब्दचर्चा: ‘युती’, ‘तह’, ‘करार’ की ‘संघ’? ख्रिस्ती राष्ट्रांच्या शांततेच्या एकीला नाव काय द्यावे

(बोलणारे सगळे नाशिकचे, प्रत्येकाला त्याच्या भागाच्या नावाने ओळखले आहे.)

प्रश्न (नाशिक रोड):
एका काल्पनिक जगाची मांडणी मराठीत चालू आहे. त्यात पाच ख्रिस्ती राष्ट्रे आहेत. दोन कॅथलिक, दोन प्रॉटेस्टंट, एक ऑर्थोडॉक्स. त्यांच्यातले शेवटचे युद्ध संपून चाळीस वर्षे झाली. आता पाचही जण एकत्र येतात ते कोणावर चाल करण्यासाठी नाही, तर आपसांत पुन्हा शस्त्र उचलावे लागू नये म्हणून. मसुद्याच्या एकाच पानावर या व्यवस्थेसाठी ‘शांततापूर्ण युती’, ‘शांती तह’, ‘ख्रिस्ती राष्ट्रसंघ’ आणि ‘गठबंधन’ असे चार शब्द आले आहेत. कोणता ठेवावा? आणि स्थापनेच्या कागदात कोणता शब्द कुठे बसतो?

पंचवटी:
‘गठबंधन’ आधी काढा, तो हिंदीचा शब्द आहे. त्याच्या मागोमाग ‘संघाचे गठन’ आणि ‘संघ स्थापित केला’ येतात, तेही नकोत. मराठीत संघ स्थापन करतात किंवा संघाची स्थापना करतात.

‘तह’ युद्ध संपवतो. पुरंदरचा तह, सालबाईचा तह, सगळीकडे आधी लढाई आणि मग तह. ‘तहात हरणे’ हा वाक्प्रचारही त्यातूनच आला. तुमच्या जगात चाळीस वर्षांपूर्वी झाला तो तह. आज होते आहे त्याला तह म्हटले, तर कालपर्यंत तोफा चालू होत्या असे वाचकाला वाटेल.

‘युती’ या शब्दाला कोणीतरी समोर लागतो. ग्रहांची युती सोडली, तर मराठीत युती नेहमी कुणाच्या तरी विरोधात होते. ‘कोणाशी युती?’ यापाठोपाठ ‘कोणाविरुद्ध?’ हे विचारले जातेच. समोर शत्रू नसलेल्या एकीला हा शब्द पेलत नाही. ‘शांततापूर्ण’ हे विशेषण जोडावेसे वाटले, यातच तो शब्द अपुरा असल्याचे दिसते.

‘संधी’ हा संस्कृतातला नेमका शब्द. राजनीतीच्या सहा गुणांत (संधी, विग्रह, यान, आसन, संश्रय, द्वैधीभाव) पहिला तोच. पण आजच्या मराठीत संधी म्हणजे नोकरीची किंवा बोलण्याची. ‘पाच राष्ट्रांनी संधी केली’ हे वाक्य कोणाला कळणार नाही.

राहिला ‘शांती तह’मधला ‘शांती’. शांतता बाहेरची, शांती आतली, हा फरक सगळ्यांना माहीत आहे. पण नाशिककरांच्या कानाला ‘शांती करणे’ म्हणजे त्र्यंबकला जाऊन विधी करून येणे. ‘राजांनी शांती केली’ असे क्रियापद वापरू नका. ‘राज्यात शांतता नांदली’ किंवा ‘राजांनी सलोखा केला’ म्हणा.

शरणपूर रोड:
ख्रिस्ती वाचकाच्या बाजूने चार गोष्टी.

पहिली, ‘करार’. मराठी बायबलचे दोन भाग म्हणजे जुना करार आणि नवा करार. देवाच्या आज्ञा कोरलेल्या मोशेच्या पाट्या ठेवलेली पेटी म्हणजे कराराचा कोश. इतरांना करार म्हटले की भाडेकरार आठवतो, ख्रिस्ती माणसाला मात्र देवाने माणसांशी जोडलेले न तुटणारे नातेही आठवते. तुमच्या पाच राष्ट्रांच्या तोंडी हा शब्द फार वजनाचा ठरेल, म्हणून तो जपून वापरा. स्थापनेचा मूळ कागद तेवढा ‘करार’. मिठाच्या जकातीवर किंवा नदीच्या पाण्यावर पुढे जे होईल, त्याला ‘ठराव’ किंवा ‘कलमबंदी’ म्हणा.

दुसरी, प्रतिनिधींच्या बैठकीला ‘ख्रिस्तसभा’ किंवा ‘मंडळी’ म्हणू नका. हे दोन्ही शब्द आधीच चर्चसाठी रुळलेले आहेत. कॅथलिक लिखाणात ‘ख्रिस्तसभा’ म्हणजे सगळे चर्च आणि प्रॉटेस्टंटांत ‘मंडळी’ म्हणजे उपासनेला जमणारा समुदाय. राजांच्या वकिलांची बैठक या नावाने आली, तर धर्मसत्ता आणि राजसत्ता एकच आहे असा अर्थ निघेल. ‘परिषद’ स्वच्छ आहे. आणि ‘ख्रिश्चन राष्ट्रे’ नको, ‘ख्रिस्ती’ लिहा.

तिसरी, शपथ. मेनोनाइट आणि क्वेकर पंथांचे लोक बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायाचा आधार घेऊन शपथच घेत नाहीत. तुमच्या एखाद्या राष्ट्रात असा पंथ असेल, तर ‘पाचही राष्ट्रे शपथ घेतील’ या एका वाक्यावर स्थापना अडेल. आपल्याकडे आमदारांच्या शपथविधीत ‘ईश्वरसाक्ष’ आणि ‘गांभीर्यपूर्वक’ असे दोन पर्याय असतात, तशी सोय मसुद्यात करा. ‘शपथ घेऊन अथवा प्रतिज्ञा करून’ एवढे पुरते.

चौथी गोष्ट आमच्या रस्त्याच्या नावातलीच. शरणपूर ही मिशनने वसवलेली ख्रिस्ती वस्ती. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुले इथे शिकली. त्यांच्यातले काही पुढे आफ्रिकेचा शोध घेणाऱ्या डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या प्रवासात त्याच्याबरोबर होते. त्या नावातल्या ‘शरण’चा अर्थ आसरा. पण वाक्यात ‘शरण येणे’ म्हणजे हार पत्करणे. दुसऱ्या राष्ट्रातून जीव वाचवून आलेल्यांसाठी कलम लिहाल, तेव्हा ‘शरण आलेले’ नको, ‘आश्रयाला आलेले’ लिहा.

गंगापूर रोड:
इतिहासात या नावांचे काय झाले तेही पाहावे, शब्दाची निवड त्यावरून सोपी होते.

१५७१ चा ‘पवित्र संघ’ हा सरळ आरमारी संघ होता. ७ ऑक्टोबरला ग्रीसच्या किनाऱ्याजवळ लेपांटोला तुर्कांच्या ऑटोमन आरमाराशी लढला. १८१५ ची ‘पवित्र मैत्री’ मात्र तुमच्या कल्पनेच्या जवळची. २६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये रशियाचा झार, ऑस्ट्रियाचा सम्राट आणि प्रशियाचा राजा यांनी सह्या केल्या. ऑर्थोडॉक्स, कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट असे तिन्ही पंथ एका कागदावर आले. सुरुवात पवित्र त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या) नावाने, आणि आपण एकाच ख्रिस्ती राष्ट्राचे घटक आहोत अशी भाषा.

तो कागद लंगडा पडला, कारण त्यात तीनच कलमे होती आणि तिन्ही भावनेची. बैठक कधी, कुठे, मते किती, वाद कोणापुढे न्यायचा, खर्च कोणी द्यायचा, यातले काहीच नव्हते. ठरावीक काळाने भेटण्याचे कलम आले ते वेगळ्या कागदात, हे तिघे आणि ब्रिटन अशा चार सत्तांच्या २० नोव्हेंबरच्या करारात. पुढे १८२१ मध्ये ऑस्ट्रियाने नेपल्समध्ये आणि १८२३ मध्ये फ्रान्सने स्पेनमध्ये फौजा घातल्या, आणि लोकांच्या बोलण्यात ‘पवित्र मैत्री’ म्हणजे दडपशाही असा अर्थ चिकटला. म्हणून नावात ‘पवित्र’ नको, असे मी ठामपणे म्हणेन.

आपल्याकडचे उदाहरण त्याहून बोलके आहे. पेशवा दुसरा बाजीराव आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यातला ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह कागदावर कायमच्या संरक्षक मैत्रीचा होता. आत होते काय? किमान सहा हजारांची कंपनीची फौज पदरी बाळगायची, तिच्या खर्चासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा आणि कंपनीला विचारल्याशिवाय परराज्याशी बोलायचे नाही. मैत्रीचा कागद आहे की मांडलिकीचा, हे तीन ठिकाणी तपासा. फौज कोणाची, पैसा कोणत्या नावाने जातो, आणि बाहेरच्याशी बोलायचा हक्क कोणाकडे. पैशाला ‘वर्गणी’ म्हणा. ती सगळे देतात आणि तिचा हिशेब मागता येतो. ‘खंडणी’ वरच्याला जाते, तिचा हिशेब कोणी विचारत नाही.

याच कारणासाठी ‘सामीलनामा’ही टाळा. संस्थाने भारतात आली तो शब्द तो. त्या वाटेने गेलेल्या संस्थानांची स्वतंत्र सत्ता पुढे विरघळली. तुमची राष्ट्रे स्वतंत्र राहणार असतील, तर ती ‘सदस्य राष्ट्रे’. ‘घटक राज्ये’ नाहीत, आणि ‘दोस्त राष्ट्रे’ तर नाहीतच, तो शब्द महायुद्धाने कायमचा घेतला.

नाशिक रोड:
‘संघ’ आणि ‘करार’ इथपर्यंत पटले. दोन अडचणी राहतात. मते मोजताना दोन कॅथलिक आणि दोन प्रॉटेस्टंट अडून बसले, तर ऑर्थोडॉक्स राष्ट्राच्या हाती सगळे जाते. आणि पहिल्या बैठकीत पुढे कोणी बसायचे?

गंगापूर रोड:
मतांचा तोडगा १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहात आहे. जर्मनीतले तीस वर्षांचे युद्ध त्याने संपवले, आणि त्याचे कागद म्युन्स्टर आणि ओस्नाब्रुक या दोन शहरांत झाले. ओस्नाब्रुकच्या कागदाच्या पाचव्या कलमाने ठरवले की धर्माचा प्रश्न आला तर पवित्र रोमन साम्राज्याच्या सभेत बहुमत चालणार नाही. कॅथलिक एकीकडे, प्रॉटेस्टंट एकीकडे बसतील आणि दोन्ही गटांचे पटले तरच निर्णय. मराठीत याला ‘पंथवार विचार’ म्हणता येईल. जकात, रस्ते, चाचेगिरी यांवर साधे बहुमत आणि उपासना, चर्चची मालमत्ता, मिश्र विवाह यांवर पंथवार एकमत, असे दोन रकाने कागदातच पाडा. धर्माचा प्रश्न कोणता हे ठरवायचे कोणी, तेही तिथेच लिहा, नाहीतर मिठाची जकातही धर्माचा प्रश्न होऊन बसेल.

त्याच कागदात आणखी एक युक्ती होती. चर्चच्या मालमत्तेसाठी १ जानेवारी १६२४ ही तारीख धरली. त्या दिवशी जे ज्याच्याकडे, ते त्याचे. आपल्या शेतकऱ्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. राज्य सरकारच्या सलोखा योजनेत दोघांच्या जमिनी एकमेकांच्या ताब्यात बारा वर्षे असतील, तर नाममात्र शुल्कात अदलाबदल होते. दोन्हीकडे मूळ हक्काचा खल न करता ताबा धरला. तुमच्या राष्ट्रांनीही असे एक ‘ताब्याचे वर्ष’ ठरवावे. ते शेवटच्या युद्धाच्या आधीचे घेतले तर हरलेला खूश, नंतरचे घेतले तर जिंकलेला. घासाघीस त्यावरच होईल.

पंचवटी:
मानाचा प्रश्न नाशिककरांना कोणी समजावून द्यायला नको. सिंहस्थात शैव आखाडे त्र्यंबकला कुशावर्तात आणि वैष्णवांच्या तीन अनी (आखाड्यांचे गट) इथे रामकुंडावर स्नान करतात. पर्व एक, ठिकाणे दोन, आणि प्रत्येक ठिकाणी क्रम ठरलेला. वेस्टफालियातही तसेच झाले. फ्रान्सशी बोलणी कॅथलिक म्युन्स्टरमध्ये, स्वीडनशी ओस्नाब्रुकमध्ये. पोपचा वकील प्रॉटेस्टंटांबरोबर एका टेबलाला बसणार नव्हता.

एकाच ठिकाणी बसवायचे असेल, तर इंग्रज क्वेकर विल्यम पेनने १६९३ मध्ये सुचवलेला उपाय घ्या. सभागृह गोल आणि त्याला अनेक दारे, म्हणजे आधी कोण शिरला आणि वर कोण बसला हा वादच नाही. सह्यांसाठी वर्णानुक्रम धरता येतो, १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेत फ्रेंच वर्णानुक्रम धरला होता. पण मराठी वर्णमालेत स्वर आधी येतात, तेव्हा राष्ट्रांची नावे ठेवतानाच ‘अ’चे राष्ट्र कोणते याचा विचार करा. किंवा प्रत्येकाने आपल्या प्रतीवर स्वतःचे नाव पहिले लिहावे. पाच राष्ट्रे, पाच प्रती.

शरणपूर रोड:
‘लवाद’ आणि ‘मध्यस्थ’ हे शब्द मसुद्यात अदलून-बदलून आले असतील तर तेही नीट करा. लवादाचा निवाडा बांधतो, मध्यस्थाचा सल्ला बांधत नाही. अर्जेंटिना आणि चिली ही दोन कॅथलिक राष्ट्रे दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळच्या बीगल खाडीवरून भांडत होती. १९७७ मध्ये लवादाचा निवाडा आला, तो अर्जेंटिनाने १९७८ च्या जानेवारीत नाकारला आणि वर्षअखेरीला दोघे युद्धाच्या काठावर गेले. मग पोपची मध्यस्थी झाली आणि २९ नोव्हेंबर १९८४ ला करार झाला. निवाड्यात एक हरतो. मध्यस्थाच्या तोडग्यात दोघांना घरी जाऊन तोंड दाखवता येते. म्हणून कागदात आधी मध्यस्थी आणि ती फसली तर लवाद, हा क्रम ठेवा. मात्र तुमच्या जगात एका पंथाचा धर्मगुरू मध्यस्थ झाला, तर बाकीचे दोन पंथ मानणार नाहीत. तिथे तीन पंथांचे तीन पंच लागतील.

सिडको:
लेखनाचे मुद्दे. ‘शांती’ सुटा असताना दीर्घ, पण समासात ऱ्हस्व: शांतिसंघ, शांतिकरार, शांतिदूत. ‘संधी’चेही तसेच, संधिपत्र. ‘मैत्री’ मूळचाच दीर्घ, म्हणून मैत्रीसंघ.

‘ख्रिस्ती राष्ट्रसंघ’ असे लिहिले की ‘ख्रिस्ती’ हे विशेषण संघाला लागते, म्हणजे संघच धार्मिक. शिवाय ‘राष्ट्रसंघ’ म्हटले की १९२० चा जिनिव्हाचा आठवतो. राष्ट्रे ख्रिस्ती आहेत एवढेच म्हणायचे असेल, तर षष्ठी वापरा: ‘ख्रिस्ती राष्ट्रांचा मैत्रीसंघ’.

आणि तारखा. १५८२ पासून कॅथलिक आणि इतर ख्रिस्ती देशांच्या दिनदर्शिकांत दहा दिवसांचा फरक पडला, म्हणून वेस्टफालियाच्या कागदावर १४ आणि २४ ऑक्टोबर अशा दोन्ही तारखा आहेत. तुमच्या ऑर्थोडॉक्स राष्ट्राची दिनदर्शिका वेगळी असणारच. अंमल ‘अमुक तारखेपासून’ न लिहिता ‘शेवटचे शिक्कामोर्तब झाल्यावर तिसाव्या सूर्योदयापासून’ लिहा. ‘आठ दिवसांत उत्तर द्यावे’ असेही नको. मराठीत आठ दिवस म्हणजे आठवडा, आणि सात की आठ यावरून वकील महिनाभर भांडतील.

पंचवटी:
मग पहिले कलम साधारण असे बसेल:

‘आम्ही पाच ख्रिस्ती राष्ट्रे, आपापले पंथ, सीमा आणि राज्यकारभार राखून, हा मैत्रीसंघ स्थापन करतो. एका सदस्य राष्ट्राने दुसऱ्यावर शस्त्र उचलण्यापूर्वी वाद परिषदेपुढे मांडावा, मध्यस्थीला नव्वद सूर्योदय द्यावेत, आणि ती फसल्यास पंचांचा निवाडा मानावा. हा करार शपथ घेऊन अथवा प्रतिज्ञा करून पाच प्रतींवर शिक्कामोर्तब केला.’

‘शस्त्र उचलण्यापूर्वी’च्या जागी ‘युद्ध पुकारण्यापूर्वी’ लिहू नका. युद्ध न पुकारता सरहद्दीवरचे गाव जाळता येते.

नाशिक रोड:
‘मैत्रीसंघ’ घेतला. ‘शिक्कामोर्तब’ सही करणाऱ्या वकिलाने करायचे की मागाहून राजाने?

पंचवटी:
वकील सही करतो, राजा शिक्कामोर्तब. मधल्या काळात वकिलाची सही राष्ट्राला पुरती बांधत नाही, म्हणून दोन्हींची मुदत वेगवेगळी लिहा. डोंगरापलीकडच्या राष्ट्राला खलिता पोचायला किती दिवस लागतात ते आधी नकाशावर मोजा.