इंजिनाखालचे प्लॅस्टिकचे आच्छादन: दुरुस्त करावे की काढून टाकावे?

कृष्णाकाठ:
माझ्याकडे सहा वर्षांची, पेट्रोलवर चालणारी लहान हॅचबॅक आहे आणि महिन्यातून दोनदा कराडहून पुण्याला जाणे होते. मागच्या खेपेला वेग ऐंशीच्या वर गेला, की पुढच्या बाजूने कोणी ताडपत्री झटकावी तशी फडफड ऐकू येऊ लागली. खंबाटकीच्या बोगद्यात तर तो आवाज भिंतींवर आदळून इतका वाढला, की टायर फुटला असावा असे वाटून मी पुढच्या पहिल्याच पेट्रोल पंपावर गाडी घेतली. वाकून पाहिले, तर बंपरच्या खालून इंजिनाखाली मागे जाणारे काळे प्लॅस्टिकचे आच्छादन डाव्या बाजूने चार बोटे लोंबत होते. पुढच्या कडेच्या पाच बोल्टांपैकी दोनच जागेवर होते, आणि एका ठिकाणी बोल्टाऐवजी तारेचा पीळ दिलेला होता. ऑइल बदलताना हे आच्छादन उतरवावे लागते आणि दोन महिन्यांपूर्वीच सर्व्हिसिंग झाले आहे, तेव्हा ही करामत कोठे झाली असावी हे सांगायला नको.

आमच्या ओळखीच्या मेकॅनिकचे म्हणणे असे, की ही केवळ शोभेची वस्तू असून ती काढून टाकली तर इंजिनाला वारा लागेल, गाडी उलट थंड राहील. फारच वाटले तर लोखंडी गार्ड बसवून घ्यावे. या आच्छादनाचा नेमका उपयोग काय, ते नसल्याने मायलेज खरोखर कमी होते का, आणि ठेवायचे झाल्यास त्याची निगा कशी राखावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

वातकुक्कुट:
मायलेजचा प्रश्न आधी निकालात काढतो, कारण त्याचे उत्तर आपल्याला वाटते त्यापेक्षा लहान आहे. आपल्या गाडीचा ड्रॅग गुणांक (गाडीचा आकार हवेला किती अडवतो ते सांगणारा आकडा) ०.३२ आणि समोरून दिसणारे क्षेत्रफळ २.१ चौरस मीटर धरले, तर ताशी १०० किलोमीटर वेगाला हवेचा रोध सुमारे ३१० न्यूटन येतो. म्हणजे ३२ किलोचे पोते उचलायला जेवढा जोर लागतो, तेवढ्या जोराने हवा गाडीला सतत मागे रेटत असते. तो पेलायला साडेआठ किलोवॉट शक्ती खर्ची पडते. रोध वेगाच्या वर्गाने आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाने वाढत असल्यामुळे ५० च्या वेगाला हाच खर्च जेमतेम एक किलोवॉट असतो. हजार किलोच्या गाडीत टायरांचा रोध शंभर-एकशे दहा न्यूटन असतो, आणि साधारण साठच्या वेगाला हवेचा रोध त्याला गाठतो. त्यामुळे कराड शहरातल्या फिरण्यात हे आच्छादन असले काय आणि नसले काय, पेट्रोलच्या हिशेबात काहीच दिसणार नाही. समजा त्यामुळे हवेचा रोध तीन टक्के घटतो, तर शंभरच्या वेगाला पाव किलोवॉट वाचेल, आणि लिटरला वीस किलोमीटर देणारी गाडी फार तर चारशे मीटर जास्त जाईल. त्यासाठी कोणी नवा भाग विकत घेणार नाही, हे मान्य.

मात्र मेकॅनिकसाहेबांचा थंडाव्याचा सिद्धान्त मला उलटा वाटतो. गाडीच्या पुढच्या जाळीतून आत आलेली हवा रेडिएटरमधून जाऊन इंजिनाच्या खोलीत शिरते आणि तिला बाहेर पडायला वाट लागते. ती वाट मुख्यतः खाली आणि मागे आहे. रेडिएटरच्या पुढे दाब जास्त आणि मागे कमी असेल, तरच हवा त्याच्या पात्यांमधून जोमाने वाहील. बंपरखालची ओठासारखी पट्टी आणि तिला जोडलेले आच्छादन रस्त्यालगतच्या हवेला बाहेरच्या बाहेर वळवून इंजिनाखालचा दाब कमी राखतात. ते काढले, की खालून घुसलेली हवा इंजिनाची खोली भरून टाकते, आणि जाळीतून येऊ पाहणाऱ्या हवेला आत जागाच उरत नाही. वारा लागतो हे खरे, पण जेथे लागायला पाहिजे तेथे लागत नाही.

यातून दोष ओळखण्याची एक सोयीची खूण मिळते. गाडी गर्दीत तापत असेल आणि हमरस्त्यावर ठीक राहत असेल, तर पंख्याची किंवा त्याच्या रिलेची (पंखा चालू करणाऱ्या विद्युत स्विचची) तपासणी करावी. गर्दीत ठीक राहून हमरस्त्यावर तापत असेल, तर रेडिएटर चोंदला आहे का हे पाहावेच, पण त्याच वेळी वाकून खालची पट्टी आणि आच्छादन जागेवर आहे का, हेही पाहावे.

आता पाण्याविषयी. साचलेल्या पाण्यातून गाडी गेली, की चाके ते आत फेकतात, आणि आच्छादनाचा उभा भाग व चाकाच्या कमानीतले लाइनर (प्लॅस्टिकचे अस्तर) ते पाणी इंजिनाचा पट्टा, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे यंत्र) आणि वायरिंगची जोडणी यांच्यापर्यंत पोहोचू देत नाहीत. सातारा रस्त्यावरच्या जुलैतल्या पावसाचा अनुभव आपल्याला असेलच. पट्टा ओला होऊन किंचाळू लागला, की चारशे मीटरचा हिशेब कोणी करत बसत नाही.

आच्छादन अर्धवट लोंबत ठेवून मात्र गाडी चालवू नका. पूर्ण काढलेले परवडले, परंतु पुढची कड सुटलेली असणे सर्वांत वाईट, कारण ती कड सुपासारखी हवा गोळा करते, आणि शंभरच्या वेगाला उरलेले दोन बोल्ट प्लॅस्टिक फाडून मोकळे होतात. मग ते आच्छादन चाकाखाली जाते किंवा मागच्या दुचाकीस्वाराच्या अंगावर.

दहाचा पाना:
वरील विवेचनाशी सहमत आहे, आणि निगेविषयी हाताने केलेल्या कामावरून लिहितो. हे आच्छादन बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असते आणि त्याला कोणताही घरगुती गोंद धरत नाही. एपॉक्सी पुटी किंवा झटपट चिकटणारा गोंद लावला, तर दोन दिवसांनी तो खपलीसारखा जसाच्या तसा निघून हातात येतो. तडा वाढू नये म्हणून त्याच्या टोकाला तीन-चार मिलिमीटरचे गोल छिद्र पाडावे, दोन्ही काठांना छिद्रे पाडून केबल टायने गोधडीसारखे टाके घालावेत, किंवा बंपर दुरुस्त करणाऱ्याकडून गरम स्टेपल (तापवून प्लॅस्टिकमध्ये रुतवायच्या तारेच्या पिना) बसवून घ्यावेत. सायलेन्सरच्या नळीजवळ किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या भागाच्या) आसपास केबल टाय वापरू नयेत, ते वितळतात.

भोक फाटले असेल, तर बोल्टाखाली मोठ्या घेराचा वॉशर घालावा. पाच रुपयांच्या या वस्तूने निम्मी आच्छादने वाचतील, पण ती कोणी घालत नाही. बोल्ट साधारणपणे दहाच्या पान्याचे असतात. ते आधी हाताने चार आटे फिरवून मगच पान्याने बेताने आवळावेत, कारण एअर गनचा (हवेच्या दाबावर चालणाऱ्या पान्याचा) एक झटका आतली क्लिप-नट (ज्यात बोल्ट बसतो ती क्लिपसारखी चाकी) फिरवून टाकतो, आणि तारेचा पीळ तेथूनच सुरू होतो. मधली खुंटी असलेल्या प्लॅस्टिकच्या क्लिपा काढताना आधी ती खुंटी सोडवून खालची नखे मिटू द्यावी लागतात. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटल्या, की त्या पुन्हा धरत नाहीत. जुन्या क्लिपा जपून ठेवण्यात अर्थ नाही, दहा-बाराची पुडी गाडीतच ठेवावी.

पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीच्या सुमारास एकदा आच्छादन उतरवून धुवावे. त्याच्या खळग्यांत चिखल, वाळलेली पाने आणि क्वचित उंदराने नेलेल्या चिंध्या सापडतात. पाणी निघून जाण्यासाठी पाडलेली भोके मोकळी आहेत का, हे पाहावे. तेलाचा डाग दिसला, तर तो पुसून मोकळे होऊ नये. गळती बहुतेक वेळा या ताटात साठते, जमिनीवर थेंब पडत नाही, आणि मालक निश्चिंत राहतो. काही गाड्यांत आच्छादन नमद्यासारख्या दाबलेल्या तंतूंचे असते. ते आवाज छान शोषते, परंतु तेलही तितकेच शोषते, म्हणून तेलाने चिंब झालेले आच्छादन धुण्याच्या भानगडीत न पडता बदलावे. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नये, स्टँड लावावेत किंवा सरळ रॅम्पवर घ्यावी.

लोखंडी गार्डाला माझा सरसकट विरोध नाही. रोज शेताच्या वाटेने जाणाऱ्याचे ऑइल चेंबर त्यामुळे वाचते. मात्र त्याचे वजन पुढच्या भागावर पडते, गतिरोधकापासूनचे अंतर कमी होते, आणि बसवणारे पुष्कळदा रेडिएटरखालची पट्टी कापून टाकतात. पट्टी कापू देऊ नका.

नेकारकाठ:
मी गेली काही वर्षे श्टुटगार्टजवळ राहतो. येथे हमरस्त्यावर १३० चा वेग नित्याचा असल्यामुळे गाडीच्या पोटाकडे अधिक लक्ष दिले जाते. माझ्या शेजाऱ्यांकडे ऑडी ए२ आहे. १९९९ ते २००५ या काळात निघालेल्या या लहान गाडीच्या १.२ लिटर डिझेल आवृत्तीचा ड्रॅग गुणांक ०.२५ होता. त्याच सुमारास आलेल्या होंडाच्या पहिल्या इनसाइटनेही ०.२५ गाठले, आणि त्यात झाकलेल्या मागच्या चाकांइतकाच सपाट केलेल्या तळाचाही वाटा होता. विजेवरच्या गाड्यांत बॅटरीमुळे तळ आपोआप सपाट मिळतो, ही त्यांची मोठीच सोय.

कृष्णाकाठ यांना एक सुचवतो. पुढच्या चाकांच्या अगोदर तळहाताएवढ्या दोन उभ्या पट्ट्या खाली लोंबताना दिसतील. त्या मोडक्या समजून कापू नयेत. फिरत्या टायरवर थेट आदळणारी हवा वळवण्यासाठीच त्या असतात. कडेच्या दगडाला घासून त्या नेहमी फाटतात आणि स्वतंत्र भाग म्हणून मिळतात.

कृष्णाकाठ:
सर्वांचे आभार. काल रविवारी रॅम्पवर गाडी घेऊन आच्छादन उतरवले. त्यातून ओंजळभर खडी, गुलमोहराच्या शेंगेचे तुकडे आणि सर्व्हिसिंगमध्ये हरवलेला म्हणून सांगितलेला एक बोल्ट निघाला. डाव्या कोपऱ्याची दोन भोके फाटून लंबगोल झाली होती. तेथे वॉशर घातले, तड्याला सहा टाके घातले आणि दोन क्लिप-नट नवे बसवले. नव्या आच्छादनाला दोन हजारांच्या वर सांगत होते, येथे एकशे ऐंशी रुपयांत काम झाले. उजव्या चाकापुढची पट्टी मात्र जागेवर नाही. नुसत्या दोन क्लिपा उरल्या आहेत. आमच्या मेकॅनिकने ती 'घासत होती' म्हणून गेल्या वर्षीच काढल्याचे आज कबूल केले.

दहाचा पाना:
ती मागवताना उजवी-डावी नीट सांगा आणि भागाचा क्रमांक जुन्या डाव्या पट्टीवरून घेऊ नका. दोन्हींचे क्रमांक वेगळे असतात. काम ताजे असताना दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा हाताने तपासून घ्या, कारण नव्या वॉशरखाली प्लॅस्टिक थोडे दबते आणि बोल्ट सैल पडतात.