शाईचा फराटा मारला की झालं का 'चिनी' डिझाइन?

शाईवेडा
चहाचं पाकीट असो, गेमचं पोस्टर असो की कुंगफू क्लासचा बॅनर. चीनचं नाव निघालं की डिझायनर शाईचा एक फराटा मारतो, शेजारी लाल शिक्का ठोकतो आणि बिल पाठवतो. फराटाही बहुधा डाउनलोड केलेला तयार ब्रश.

माझं मत, ही निव्वळ सजावट आहे. खऱ्या शाईचित्रात शुआन कागद, म्हणजे चिनी हातकागद, शाई पटकन पितो. रेघ खोडता येत नाही, गिरवली तर लगेच कळतं. हात कुठे थबकला, कुंचला कुठे कोरडा पडला, सगळं उघडं. एकाच काळ्या शाईतून पाण्याच्या प्रमाणावर छटा काढायच्या, आणि कोऱ्या जागेलाच धुकं किंवा पाणी व्हायला लावायचं. 'अन्डू'च्या जगात यातलं काय उरतं?

पिक्सेलराव
साफ असहमत. शांघाय ॲनिमेशन स्टुडिओने १९६० साली चिनी शाईचित्रकार छी पाइशी यांच्या चित्रांवरून आई शोधणाऱ्या बेडकाच्या पिल्लांची फिल्म केली. ओल्या शाईची पसरलेली कड दिसावी म्हणून आकृत्यांचे थर वेगवेगळे रंगवून, त्यांचं चित्रीकरण करून ते एकमेकांवर चढवले. म्हणजे नक्कलच की! तिला सजावट म्हणाल?

शाईवेडा
त्या नकलेमागे शाई कशी वागते याचा अभ्यास होता. तयार ब्रशमागे काय असतं?

गल्लीबोळ
आमच्याकडे 'चायनीज भेळ'सुद्धा त्याच टोकदार फटकाऱ्यांच्या देवनागरीत रंगवतात. भेळ चीनमध्ये कुणी ऐकलीही नसेल 😀

मधुरा_टंक
तुम्ही दोघं कुंचल्यातच अडकलात. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकचं चिन्ह बघा. बीजिंगमधलं 'जिंग' हे अक्षर धावत्या माणसासारखं, लाल शिक्क्यात कोरलेलं. खेळांची ३५ चिन्हंही जुन्या मुद्रालिपीवरून, म्हणजे शिक्क्यांवर कोरायच्या चिनी अक्षरवळणावरून घेतली. दगडावर सुरीने कोरलेल्या रेघेला कड असते. ती नखाएवढी केली तरी वाचता येते, एका रंगात छापता येते. ओल्या शाईच्या छटा त्या मापात मरतात. लोगो करायचा तर मी शिक्क्याकडे जाईन, कुंचल्याकडे नाही.

पिक्सेलराव
लोगोपुरतं मान्य. पण पोस्टर नखाएवढं नसतं ना? हाँगकाँगचे डिझायनर कान ताय-क्युंग घ्या. बँक ऑफ चायनाच्या चिन्हात त्यांनी जुनं नाणं आणि 'चुंग' (चीनच्या नावातलं, अर्थ 'मध्य') हे अक्षर स्वच्छ भूमितीत बसवलं, शाईचा थेंब नाही. आणि डोंगर, पाणी, वारा, ढग यांच्या पोस्टरांत मात्र कुंचल्याचे मोकळे फटकारे. माणूस एकच. काम काय मागतं ते बघून माध्यम ठरवतो. त्यामुळे 'डिझाइनमध्ये शाईचं काही उरत नाही' हे सरसकट विधान टिकत नाही.

शाईवेडा
कान यांनी शाईचित्रकार ल्युई शौ-क्वान यांच्याकडे शाईचित्र शिकलं होतं. कुंचला कधी खाली ठेवायचा हे त्यांना म्हणूनच कळलं. डाउनलोडवाल्यांना कृपया त्यांच्या पंगतीत बसवू नका.