कुकरची शिट्टी, शर्टाचं लेबल, नखं कापणं... हट्ट आहे की अजून काही?

चिंचवडची_आई:
नमस्कार, मुलगा ४ वर्षं २ महिन्यांचा आहे. कुकरला वाफ धरायला लागली की शिट्टीच्या आधीच कान दाबून बाथरूममध्ये पळतो. मिक्सर लावायचा तर त्याला आजोबांबरोबर खाली पाठवावं लागतं. शर्टाच्या मानेतली सगळी लेबलं कापलीत तरी उरलेली कड टोचते म्हणतो. नखं तो गाढ झोपल्यावर काढते. वरणभात हाताला चिकटतो म्हणून शिवत नाही, खाकरा, चुरमुरे, कोरडी पोळी असलंच चालतं. आणि हाच मुलगा दिवसभर सोफ्यावरून गादीवर उड्या मारतो, गोल गोल फिरला तरी चक्कर येत नाही, पडला तर रडत नाही, म्हणजे नाजूक म्हणावा तर तसंही नाही! गेल्या वर्षी मिरवणुकीत ढोलताशा सुरू झाला तेव्हा थरथरून उलटी केली त्याने, आणि बाजूचे लोक म्हणाले भित्रा आहे. सासूबाई म्हणतात लाडावलाय. शाळेतल्या टीचर म्हणाल्या सेन्सरी इश्यू वाटतोय, म्हणजे आवाज, स्पर्श असं काही कमी-जास्त लागण्याचा प्रश्न, ओटीला (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, रोजच्या गोष्टी जमाव्यात म्हणून सराव करून घेणारे) दाखवा. म्हणजे ऑटिझम का? आधी कोणाकडे जाऊ? रात्र रात्र झोप नाहीये.

मुलांची_ओटी:
ताई, आधी एक सांगते, तो नाटक करत नाहीये. तुम्हाला शिट्टी जेवढी ऐकू येते तेवढीच त्यालाही येते, पण त्याचा मेंदू तिला धोक्यासारखं घेतो. आणि उड्यांचं कोडंही त्यातलंच आहे. डोळे, कान, त्वचा याशिवाय तोल सांभाळणारी संवेदना आतल्या कानात असते, आणि हातपाय कुठे आहेत, किती जोर लागतोय हे स्नायू आणि सांधे कळवतात. एकाच मुलाला आवाज आणि स्पर्श जास्त लागू शकतो आणि हालचाल मात्र कमी पोचते, मग तो ती शोधत फिरतो. हा विचार अमेरिकेतल्या जीन एअर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्टनी १९६०-७० च्या काळात मांडला.

ऑटिझमचं म्हणाल तर नुसत्या एवढ्यावरून कोणीही सांगू शकत नाही. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे निदानासाठी डॉक्टर वापरतात त्या अमेरिकन पुस्तकात, आवाज-स्पर्शाला वेगळा प्रतिसाद हे ऑटिझमच्या लक्षणांत धरलंय, पण ऑटिझम नसलेल्या मुलांतही हे असतं. तो इतर मुलांत खेळतो का, खोटंखोटं स्वयंपाक, दुकान असं खेळतो का, तुम्हाला बोलावून काही दाखवतो का, हे बघावं लागतं. म्हणून आधी डेव्हलपमेंटल पीडिअॅट्रिशियन (मुलांच्या वाढ-विकासाचे डॉक्टर), सोबत कानाची तपासणी, आणि खाणं इतकं मोजकं आहे तर वजन आणि हिमोग्लोबिन पण बघून घ्या. ओटी त्यानंतर.

नाशिकचा_बाबा:
आमची मुलगी आता ७ ची आहे, हेच सगळं केलंय म्हणून लिहितोय. पहिल्या सेंटरला आम्हाला पहिल्याच दिवशी अर्ध्या तासात सहा महिन्यांचं पॅकेज भरायला लावलं आणि आम्ही घाबरून भरलं. ते करू नका. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्सने २०१२ मध्येच सांगितलंय की सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर (आवाज-स्पर्श वेगळा लागण्यालाच आजार म्हणणं) हे वेगळं निदान म्हणून सहसा लावू नये, त्यासाठीची थेरपी उपचाराचा एक भाग असू शकते पण तिच्यावरचा अभ्यास मर्यादित आहे हे पालकांना सांगावं. म्हणून थेरपिस्टला थेट विचारा, तीन महिन्यांत नेमकं काय बदलायला हवं? आम्ही ठरवलेलं, वर्गात मुलं ओरडली तरी ती दप्तर घेऊन दाराकडे पळणार नाही, बस. ते जमलं. खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी (मुलांच्या विकासातल्या अडचणी लवकर तपासणारं सरकारी केंद्र) विचारा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं असतं, तिथे मोफत बघतात.

मुलांची_ओटी:
पॅकेजबद्दल दादांशी शंभर टक्के सहमत. घरी करायचं म्हणजे, मिक्सरचं बटण त्यालाच दाबू द्या, सुरुवातीला लांबून, एक सेकंद. आवाज स्वतः सुरू-बंद करता आला की भीती कमी होते. शिट्टी व्हायच्या आत सांगून ठेवा. उड्यांच्या जोडीला जड काम द्या, कणीक मळणं, गादी ढकलणं, भाजीची पिशवी उचलणं. वरणभात बळजबरीने भरवू नका, चमचा द्या, ताटात नुसता शेजारी असू दे. आणि त्याला दुखणं उशिरा कळतंय तर पडल्यावर अंग नीट तपासत जा.

चिंचवडची_आई:
वाचताना रडू आलं खरं सांगते. दुकान दुकान खेळतो, मला गिऱ्हाईक करतो, आणि चंद्र दिसला की ओढत गॅलरीत नेतो. तरी डॉक्टरांची वेळ घेतलीय. गणपतीचं काय करू, आमच्या गल्लीतूनच मिरवणूक जाते? हेडफोन लावू का?

मुलांची_ओटी:
लावा, कान झाकणारे, पण फक्त तेवढ्यापुरते. दिवसभर घातले तर साधे आवाजही जास्त लागायला लागतात. आजपासूनच घरात पाच पाच मिनिटं खेळात घालू द्या, त्या दिवशी नवीन वाटायला नकोत.

नाशिकचा_बाबा:
आम्ही विसर्जनाला तिला मागच्या खोलीत ठेवतो, आरती मात्र घरातच, टाळ तिच्या हातात. पहिल्या वर्षी तिने ते नुसते धरले होते. यंदा वाजवले, हळू.