प्रतिसाद: बंदीनंतरही गिधाडं का वाढेनात?
'2006 मध्ये डायक्लोफेनॅकवर बंदी आली, तरी गिधाडं का वाढेनात?' प्रश्न रास्त आहे. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक; ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. पण ती बंदी फक्त जनावरांच्या औषधावर होती. माणसांसाठीच्या 30 मिलीच्या बाटल्या गोठ्यात सर्रास पोचायच्या, म्हणून 2015 मध्ये त्या 3 मिलीपुरत्या मर्यादित केल्या. मग पळवाट निघाली एसिक्लोफेनॅक या दुसऱ्या वेदनाशामकाची. गाईच्या शरीरात गेल्यावर त्याचं डायक्लोफेनॅकच होतं, म्हणजे नाव तेवढं वेगळं! ते आणि केटोप्रोफेन हे गिधाडांना तितकंच घातक वेदनाशामक 2023 मध्ये जनावरांसाठी बंद झालं.

जनावरांच्या डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम हेच वेदनाशामक मागा. ते गिधाडांच्या मूत्रपिंडाला सोसतं. दुसरं वेदनाशामक टोचल्यावर दोन-तीन दिवसांत जनावर दगावलं तर उघड्यावर न टाकता पुरा. आणि घाई नको: गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, तेही पाचेक वर्षांची झाल्यावर.