सी हार्पवर २ ड्रॉ दबतो, बेंड येत नाही: चुकतंय कुठे?

नवखा_हार्प
ब्लूजसाठी दहा होलचा डायटॉनिक हार्प, म्हणजे माउथ ऑर्गन, घेतलाय, सी कीचा. ब्लो (हवा फुंकून) सगळे स्वच्छ वाजतात. ड्रॉमध्ये (हवा आत ओढून) १, ४, ५, ६ ठीक आहेत, पण २ ड्रॉ घुसमटतो, कधी वाजतच नाही. ३ ड्रॉ उतरलेला वाटतो. रीड (आतल्या कंप पावणाऱ्या पट्ट्या) खराब आहेत का? बेंड (स्वर वाकवून खाली आणणं) कुठल्या होलपासून सुरू करू? आणि जी मधला बॅकिंग ट्रॅक (साथीचं रेकॉर्डिंग) लावला तर ब्लूजच्या बारा बारच्या फेरीत कुठे काय वाजवायचं? दोन फेऱ्यांतच दम लागतो.

रीडप्लेट
रीड खराब असायची शक्यता फार कमी. १ आणि ३ ही होलं बोटांनी झाका, तोंड सैल ठेवून हळूच श्वास आत घ्या. २ ड्रॉ वाजला तर वाद्य ठीक आहे, अडचण तोंडात आहे.

नेमके २ आणि ३ च का बिघडतात? प्रत्येक होलमध्ये दोन रीड असतात, एक ब्लोचा आणि एक ड्रॉचा. १ ते ६ मध्ये ड्रॉचा स्वर वरचा असतो आणि त्या दोन स्वरांत जेवढं अंतर, त्याहून एक सेमीटोन (अर्धा सूर) कमी एवढी बेंडला जागा. २ मध्ये ड्रॉ जी आणि ब्लो ई, म्हणून दोन सेमीटोन खाली जाता येतं. ३ मध्ये ड्रॉ बी आणि ब्लो जी, म्हणजे तीन सेमीटोन. १, ४ आणि ६ एकच सेमीटोन वाकतात, ५ तेवढाही नाही. जीभ मागे वर उचललेली आणि श्वास जोरात ओढलेला असला की नकळत अर्धा बेंड होतो. १, ४, ५, ६ तो खपवून घेतात, २ आणि ३ घेत नाहीत.

उपाय: हार्प ओठांच्या आतपर्यंत घ्या, मागची बाजू थोडी वर उचला. जबडा सोडा, जांभई दाबताना घसा जसा उघडतो तसा उघडा, जीभ तळाशी. गालांनी ओढायचं नाही. श्वास पोटातून, नेहमी घेतो तेवढाच. नाकातून हवा जात असेल तर स्वर पातळ होतो, तिकडेही लक्ष द्या. आधी १-२-३ ड्रॉ एकत्र वाजवा, मग श्वासाचा जोर तोच ठेवून ओठ आवळत एकट्या २ वर या.

कसोटी सोपी आहे. ३ ब्लो आणि २ ड्रॉ हा एकच स्वर, जी. आलटून पालटून वाजवा. २ ड्रॉ खाली लागला म्हणजे तुम्ही अजून वाकवताय.

तिरपा_सूर
वरचं जमल्याशिवाय बेंडला हात लावू नका. जमलं की ४ ड्रॉपासून सुरुवात करा.

श्वास आत घेत कुजबुजत "की" आणि मग "कू" म्हणा. "कू" ला जीभ टाळूला जिथे टेकते ती जागा "की" पेक्षा मागे असते. ४ ड्रॉ वाजत असताना जीभ तिथवर मागे न्या, पण टेकवू नका, बारीक फट ठेवा. ओठ आणि जोर आहे तसेच. ट्यूनर लावून ठेवा: डी वरून सी शार्प दिसायला हवा. मग ६ (ए वरून ए फ्लॅट), १, त्यानंतर २, आणि ३ सगळ्यात शेवटी. ३ मध्ये बी फ्लॅट, ए, ए फ्लॅट असे तीन थांबे आहेत, आणि पहिल्यावर स्थिर थांबणं हे बेंडमधलं खरं कष्टाचं काम.

५ ड्रॉवर झगडू नका. एफ आणि ई मध्ये सेमीटोनचंच अंतर, त्यामुळे स्वर किंचित उतरतो, इतकंच. ७ ते १० वर ड्रॉ वाकतच नाही. ८, ९, १० चे ब्लो वाकतात, ते नंतर बघू.

बेंड आला नाही की बहुतेक जण आणखी जोरात ओढतात. त्याने बेंड येत नाही, रीड मात्र थकतात आणि कायमचे उतरतात.

बारा_बार
ट्रॅकबद्दल. सी हार्पवर जी वाजवणं म्हणजे सेकंड पोझिशन. २ ड्रॉला सा धरा. ३ ड्रॉ शुद्ध ग, त्याचा अर्धा सूर खाली कोमल ग, ४ ब्लो म, ४ ड्रॉ वाकवला की तीव्र म, मोकळा ४ ड्रॉ प, ५ ड्रॉ कोमल नि, ६ ब्लो वरचा सा. बेंड येत नाहीत तोवर ३ गाळा. २ ड्रॉ, ४ ब्लो, ४ ड्रॉ, ५ ड्रॉ, ६ ब्लो एवढ्यावरही भरपूर वाजवता येतं.

बार १ ते ४ जी कॉर्ड: २ ड्रॉवर मुक्काम. ५-६ सी: ४ ब्लो किंवा १ ब्लो. ७-८ परत जी. ९ डी: ४ ड्रॉ किंवा १ ड्रॉ. १० सी, ११ जी, १२ डी. सी च्या बारमध्ये मोकळा ३ ड्रॉ लांबवू नका. सी सेव्हन कॉर्डमध्ये बी फ्लॅट असतो आणि तुमचा बी त्यावर आदळतो.

दम लागतो म्हणता, पण बहुधा छाती रिकामी नसते, भरलेली असते. सेकंड पोझिशनमध्ये ड्रॉ जास्त, त्यामुळे हवा आत साठत जाते. सी च्या बारमध्ये ब्लो आहेत, तिथे मोकळे व्हा. बाकी ठिकाणी दोन फ्रेजच्या मध्ये नाकातून सोडा, आणि अगदीच भरलं तर २ ड्रॉऐवजी ३ ब्लो. स्वर तोच.

नवखा_हार्प
१ आणि ३ झाकून २ वाजला, म्हणजे चूक माझीच. ४ चा बेंडही लागतोय, ट्यूनरवर सी शार्प येतो, पण टिकत नाही. झटकन वर उडतो.

तिरपा_सूर
जीभ फटीतून सटकतेय. उलटीकडून करा: आधी जीभ मागे लावून थेट वाकलेल्या स्वरावरच सुरुवात करा, चार ठोके धरा, मग मोकळा सोडा. मेट्रोनोम ६० वर. वरून खाली घसरत जाणं सोपं असतं, पण त्यात जिभेला जागा कळत नाही.

रीडप्लेट
वाजवून झाल्यावर होलं खाली करून तळहातावर हार्प झटका, ओलावा निघतो. लाकडी कोम्ब (होलं असलेला मधला भाग) असेल तर पाण्यात बुडवू नका, फुगतो. एखादा स्वर अचानक बंद पडला तर आधी कव्हर काढून बघा. रीडखाली केस किंवा धागा अडकलेला असतो. टूथपिकने हलकेच काढा.