आजीचं माहेरचं नाव काय होतं? (अनुभव धागा)

माळ्यावरची भांडी काढताना परवा एक पितळी तांब्या हाती लागला. चिंच-मीठ लावून घासला तशी गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं वर आली: द्वारका, १९३६. आमच्या घरात द्वारका नावाचं कुणी नव्हतं. आईला विचारलं तर ती तांब्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "अगं, हा आजीच्या माहेरचा. तिकडची ती द्वारका."

जिला मी जन्मभर लक्ष्मीआजी म्हणत आले, ती चौदाव्या वर्षी, तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेल्या नावाने लक्ष्मी झाली होती. तिच्या पाठच्या बहिणी मथुरा आणि काशी, भाऊ पंढरीनाथ. आई सांगते, पणजोबांना शेतीतून उठून कधी यात्रेला जायला जमलं नाही. मुलांना हाका मारल्या की सगळी तीर्थं ओट्यावर गोळा व्हायची.

म्हणून हा धागा. तुमच्या घरात साधारण १९०० ते १९४० या काळात ठेवलेली नावं सांगा. अर्थ काय, का ठेवलं, हाक कशी मारत, पुढे त्या नावाचं काय झालं. नुसती यादी नको, माणूस सांगा. आडनावं मात्र लिहू नका.

०००

माझे आजोबा धोंडू. त्यांच्या आधीची तीन भावंडं वर्षाच्या आत गेली होती. चौथ्या खेपेला पणजीने बाळ सुपात घालून शेजारणीच्या ओटीत टाकलं आणि पसाभर कोंडा देऊन परत 'विकत' घेतलं. म्हणजे हे आपलं नव्हेच, टाकून दिलेलं आहे, याच्याकडे कुणाची नजर जायला नको. त्यात नावही दगडाचं. पुढचा भाऊ कोंडिबा. वाडीत त्याच पिढीचे दगडू, केरू, भिकाजी होते, आणि नाक टोचून नथ घातलेले एक नथूकाका. देवी, पटकी, प्लेग यांनी घरं रिकामी होत होती त्या काळातली ही नावं आहेत. ती ऐकून लोक हसतात तेव्हा मला त्रास होतो. 'धोंडू' म्हणजे 'तू जग' असंच पणजी म्हणत होती.

वडिलांना कॉलेजात या नावाची लाज वाटायची. हजेरीत मधलं अक्षर 'धों.' एवढंच असावं म्हणून ते धडपडायचे. निवृत्तीनंतर घर बांधलं तेव्हा मात्र संगमरवरी पाटीवर स्वतःच्या नावाच्या वर पूर्ण 'धोंडू' कोरून घेतलं. पाटी बसवली त्या दिवशी गवंडी गेल्यावरही ते बराच वेळ फाटकात उभे होते.

०००

वरच्या अनुभवात एक भर. प्रत्येक धोंडोच्या मागे गेलेली भावंडं असतीलच असं नाही. अधिक महिन्याला आपल्याकडे धोंडामास म्हणतात, त्या महिन्यात जन्मलेल्या मुलाचंही हे नाव ठेवत. त्याच महिन्याला पुरुषोत्तम मासही म्हणतात, त्यामुळे एका घरात धोंडू आणि दुसऱ्या घरात पुरुषोत्तम, कारण एकच. महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो होतं, तेव्हा हे नाव फक्त गरिबाघरचं असंही नव्हे.

०००

मी महसूल खात्यात तीस वर्षं काढली. जुन्या दप्तरात 'बिन' आणि 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' आणि 'भ्रतार' म्हणजे अमक्याची बायको. 'गोदावरी बिन' असं काही तिथे सापडायचं नाही. बाई कागदावर यायची ती बहुधा लग्नानंतर, नव्या नावाने, 'सरस्वती भ्रतार' अमुक अशी.

एकदा एक म्हातारी बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. वडिलांच्या जमिनीत त्यांचा हिस्सा होता. भावाच्या अर्जात बहीण गोदावरी, यांच्या सगळ्या कागदांवर सरस्वती. दोन्ही एकच बाई आहे हे सिद्ध करायचं होतं. शाळेचा दाखला नाही, कारण शाळाच नाही. प्रतिज्ञापत्र झालं, पंचनामा झाला, पण माहेरच्या गावातली दोन माणसं जबाबाला हवी होती ज्यांनी त्यांना गोदावरी म्हणून ओळखलेलं आहे. बाई बोटांवर नावं मोजू लागल्या. चार बोटं मिटली आणि म्हणाल्या, "साहेब, मला गोदी म्हणणारं आता कुणीच उरलं नाही हो."

शेवटी त्यांच्या भावजयीचा जबाब घेतला. ती चटकन म्हणाली, "ही गोदीच. हिनं मला पहिल्या दिवशी विहीर दाखवली." जबाबात ते वाक्य घेण्याची गरज नव्हती. मी घेतलं.

०००

हे वाचून उठवत नाहीये. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. आनंदीबाई जोशीही माहेरच्या यमुना. कर्व्यांशी १८९३ मध्ये पुनर्विवाह झाला तेव्हा गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. या तिघींची माहेरची नावं निदान लिहून राहिली.

पुरुषांचं नाव बदलायचं ते दत्तक गेल्यावर. कुसुमाग्रज जन्माने गजानन रंगनाथ, दत्तक गेल्यावर विष्णु वामन शिरवाडकर झाले.

०००

आमच्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत होती. पण सुनेनं सासऱ्याचं नाव उच्चारायचं नाही. म्हणजे आईला स्वतःच्या मुलाला नावाने हाक मारता येत नसे! घरोघरच्या बाळ, भाऊ, बापू, नाना, तात्यांमागे हे एक मोठं कारण आहे असं मला वाटतं. टिळकांचंही नाव केशव, पण रूढ झालं ते बाळ.

आणि नवऱ्याचं नाव तर उखाण्यातच. माझ्या आजोबांचं नाव दामोदर. रेशनकार्डाच्या वेळी कारकुनाने आजीला विचारलं, "यजमानांचं नाव?" आजीने पदर सारखा केला आणि सांगितलं, "लोणी चोरलं म्हणून यशोदेनं उखळाला बांधला ना, पोटाला दावं लावून? तेच नाव." कारकून वयाने लहान, त्याला कळेना. त्याने 'कृष्णा' लिहिलं. आजी म्हणाली, "कृष्णच, पण दाव्यासकट लिहा." दाम म्हणजे दोरी, उदर म्हणजे पोट. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने त्या नावाची फोड मला पहिल्यांदा अशी शिकवली. कार्डावर बरोबर नाव मागच्या रांगेतल्या एका काकांमुळे आलं.

०००

पालघरकडे शिक्षक होतो. वारली घरांत आजोबांच्या पिढीची नावं जन्मवारावरून असायची: सोमा, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या. जन्मतारीख माहीत नसायची, वार पक्का. वर्गात तीन मंगळ्यांचे नातू होते.

०००

वर सगळ्या जणी नाव पुसलं गेल्याचं दुःख सांगत आहेत, म्हणून लिहू की नको असं झालं होतं. आमच्या आजीची गोष्ट उलटी आहे.

आम्ही तिला अनसूया म्हणूनच ओळखायचो. अन् आणि असूया, जिच्या मनात मत्सर नाही ती. हे नाव तिला लग्नात मिळालं. माहेरचं कोणतं, विचारलं की म्हणायची, "आठवत नाही." आम्हाला खरं वाटायचं. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात नकुशी, नकुसा अशी नावं असलेल्या २८५ मुलींना नवी नावं देण्याचा कार्यक्रम झाला, त्याची बातमी मी तिला वाचून दाखवत होते. तिचे डोळे अधू झाले होते, रोज पेपर मीच वाचायचे. तिने ती बातमी पुन्हा वाचायला लावली. मग विचारलं, "त्या पोरींना आपलं नाव आपण निवडू दिलं का?" मी म्हटलं, हो, बऱ्याच जणींनी स्वतःच निवडलं. ती गप्प बसली. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी पण तीच. पाचवी."

पंच्याऐंशीच्या घरात होती ती. सत्तर वर्षं तिने ते नाव कुणाला कळू दिलं नव्हतं, आजोबा सोडून. लग्नात नाव त्यांनीच सुचवलं होतं, असं त्या रात्री तिने सांगितलं. मी ते नाव इथे शेवटचं लिहिते आहे आणि यापुढे तिला अनसूयाच म्हणणार.

०००

(धागाकर्ती) वरचं वाचून दोन दिवस काहीच लिहवलं नाही. तुमच्या आजीने तुम्हालाच सांगितलं, यात किती विश्वास होता.

०००

थोडं हलकं लिहिते. मुलीचं नाव ठेवायचं होतं, पणजीचं नाव नर्मदा. सासूबाईंना ते जड वाटलं. नर्मदा म्हणजे 'नर्म ददाति', आनंद देणारी, हे सांगूनही पटेना. मग त्याच नदीचं दुसरं नाव रेवा, ते सगळ्यांना आवडलं. बारशाला आत्याने कानात कुर्र करून 'रेवा' सांगितलं. मी हळूच वाकून दुसऱ्या कानात 'नर्मदा' सांगितलं.

चंद्रभागा, तापी, भागीरथी, वेणू, यमुना या बायकांची पिढी संपत आली. मग १९२०-३० नंतर कमल, कुसुम, विमल, नलिनी, सुलोचना आल्या. आता त्याही आज्या झाल्या.

०००

(धागाकर्ती) एवढं सांगून आज थांबते. काल तो तांब्या घेऊन काशीमावशीआजीकडे गेले. चौघा भावंडांत तीच उरली आहे, नव्वदी ओलांडली आहे, ऐकू कमी येतं. मी काही न सांगता तांब्या तिच्या मांडीवर ठेवला. तिने तो फिरवला, अंगठ्याने अक्षरं चाचपली, एकदा, परत एकदा. मग दाराकडे बघून चांगल्या मोठ्या आवाजात हाक मारली, "द्वारके!"