मदत हवी आहे: गोठ्यात लाळ्या-खुरकूत शिरल्यावर उरलेल्या जनावरांना लस टोचावी का?

काही गायींना लाळ्या-खुरकूत झालंय. जिभेवर फोड, लाळेच्या तारा, खुरांच्या बेचक्यात जखमा. पशुवैद्यकांना लगेच कळवलं. फोडाची साल तपासणीला गेली आहे, पण विषाणूचा प्रकार अजून कळलेला नाही. (एकूण 7 प्रकार, एकाची लस दुसऱ्याला चालत नाही, त्यामुळे निकालाला महत्त्व आहे.)

आजारी जनावरं वेगळी बांधली आहेत. त्यांची भांडी आणि राबणारा माणूसही वेगळा. दाराशी धुण्याच्या सोड्याचं 4 टक्के पाणी ठेवलंय, ने-आण बंद. उपचार चालू आहेत, ते विचारत नाही.

पशुवैद्यकीय पथक साथीच्या भागाच्या बाहेरच्या कडेपासून आत लसीकरण करत येतंय. ते पटतं. अडचण आमच्याच गोठ्यातल्या धडधाकट दिसणाऱ्या जनावरांची. त्यांच्या मागच्या लसीची मुदत उलटली आहे. एक पशुवैद्यक म्हणतात, आत्ताच टोचा. दुसरे म्हणतात, थांबा. दोघांचंही खरं वाटतं, हीच पंचाईत! लक्षणं दिसायला 2 ते 14 दिवस लागतात आणि लसीचा असर यायला आठवडाभर तरी जातोच.

अशा साथीत काम केलेल्यांनी सांगावं: संसर्ग शिरलेल्या गोठ्यात, प्रत्येक जनावराला नवी सुई वापरून, आत्ता लस द्यावी की साथ ओसरेपर्यंत थांबावं? आणि गाभण गायींचं काय?